एक अधिक एक बरोबर एक

परवा रविवारी हातखंब्याच्या तिठ्यावर चहा पिताना चुलत भावाने मोबाइल नाकासमोर धरला. पुण्यात कुणीतरी दोन जीटीएक्स १०८० टीआय विकतोय, मधल्या ब्रिजसकट. "दादा, जोडीच उचल. बोर्ड आहे, कॅबिनेट आहे, तुला काय कमी आहे?" खोटं कशाला बोलू, पाच मिनिटं मी पार विरघळलो होतो.

त्याचं कारण घरात आहे. माझ्या पीसीत २ जीटीएक्स ९७० बसलेत. पहिलं नोकरीच्या सुरुवातीच्या पैशातून, दुसरं २०१६ मध्ये वापरलेलं घेतलं. तेव्हाची जाहिरातबाजी आपल्यासारख्यांना बरोबर लागू पडायची: आज एक घ्या, पुढेमागे पैसे आले की दुसरं जोडा. हप्त्याहप्त्याने घर बांधणाऱ्या मध्यमवर्गाला याहून गोड काय वाटणार? आधी खालचा मजला, मग वरचा!

ही गोळी जुनीच. १९९८ मध्ये थ्रीडीएफएक्सने व्हूडू २ ची जोडी लावायची सोय दिली. पुढे ती कंपनी बुडाली, तिची मालमत्ता एनव्हिडियाने घेतली आणि २००४ मध्ये एसएलआय हेच नाव नव्या अर्थाने परत आणलं. वर्षभरात एटीआयने क्रॉसफायर काढलं. आणि आपण सगळे धावलो.

आता माझं भांडण. दोन कार्डं ही कधीच आपल्या मालकीची नव्हती हो! पत्रा आपला, पण तो चालायला हवा असलेला प्रोफाइल कंपनीच्या ड्रायव्हर टीमकडे. प्रत्येक गेमसाठी कुणीतरी बसून तो लिहायचा, तपासायचा. लिहिला तर मजा, नाही तर दुसरं कार्ड नुसतं खोली गरम करणार. स्वतः प्रोग्रामर असून मला हे २०१६ मध्ये कळू नये? दुसऱ्याच्या फुकट मेंटेनन्सवर उभं असलेलं काहीही विकत घेऊ नये, हे ऑफिसात मी ज्युनिअर पोरांना शिकवतो.

मेमरीचं तर विचारूच नका. ४ आणि ४ मिळून ८ होत नाहीत. दोन्ही कार्डांत तोच माल भरावा लागतो, म्हणून हातात उरतात ४. (त्यातला शेवटचा अर्धा जीबी रखडत चालतो हे २०१५ च्या जानेवारीत उघड झालं, तो वेगळा घाव.)

बरं, प्रोफाइल लिहिणं थांबलं ते काही निव्वळ आळसाने नाही. पूर्वीच्या गेमची फ्रेम म्हणजे घावन. दोन तवे ठेवले, एक घावन याच्यावर, पुढचं त्याच्यावर, काम उरकलं. आताची फ्रेम म्हणजे दही. आधीच्या दह्यातला चमचाभर विरजण घेतल्याशिवाय पुढचं लागत नाही. कडा गुळगुळीत करण्याच्या आजच्या पद्धती मागच्या फ्रेमचा डेटा मागतात, आणि तो असतो दुसऱ्या कार्डात! मग वाट बघा. सरासरी आकडा झकास दिसायचा आणि डोळ्याला मात्र गचके जाणवायचे, ते आम्ही निमूट सोसलं.

डायरेक्टएक्स १२ ने ही जबाबदारी गेम लिहिणाऱ्याच्या गळ्यात टाकली. मोजक्या लोकांसाठी तो कशाला मरेल? २०२१ च्या १ जानेवारीपासून एनव्हिडियाने नवे एसएलआय प्रोफाइल देणं थांबवलं. २०२२ च्या ४०९० वर तर ब्रिज लावायची जागाच नाही.

"जुन्या गेमना चालतं ना पण!" हा भावाचा मुद्दा. अरे, जुन्या गेमला एकटं १०८० टीआयसुद्धा जास्त होतं. आणि नव्या गेमसाठी म्हणशील, तर ९७० आणि १०८० टीआय या दोन्ही पिढ्यांना ऑक्टोबर २०२५ नंतर नवे गेम ड्रायव्हर नाहीत, फक्त सुरक्षेची डागडुजी. म्हणजे जोडी घेऊन मी एका स्मशानातून दुसऱ्या स्मशानात जाणार, तेही एका कार्डाला २५० वॅट मोजून. दोन मिळून ५०० वॅट, वर प्रोसेसर. इथे पावसाळ्यात दिवे कधी जातील याचा नेम नाही, घरचा इन्व्हर्टर ९०० व्हीएचा, आणि गेल्या जूनमध्ये सप्लायच्या पंख्यात पाल अडकली होती. मला गचके नकोत, मशीन रात्रभर जिवंत राहायला हवं. सोमवारी सकाळी त्याच मशीनवरून मला लॉगिन करायचं असतं.

न्यायाने बोलायचं तर दोन कार्डांचा उपयोग आजही आहे. घरी भाषेचं मॉडेल चालवणारे त्याचे थर दोन कार्डांत वाटून ठेवतात आणि तिथे मेमरी खरोखरच बेरजेत मिळते. तो धंदा असेल तर जरूर घ्या. मला रात्री दोन तास गाड्या पळवायच्या आहेत.

तर मी एकच कार्ड घेणार. कुठलं, यावर मात्र डोकं खाजवलं. ५०६० फक्त १४५ वॅटचं, म्हणजे माझ्या एका ९७० इतकंच. पण त्याच्या लेन ८ आणि माझा बोर्ड पीसीआय ३.० चा. ८ जीबी भरली की त्या अरुंद साकवावरून सगळी वाहतूक. ३०६० जुनं, तरी १६ लेन आणि १२ जीबी, १७० वॅटमध्ये. माझ्या बोर्डाला तेच बरं. उरलेल्या पैशांतून चांगला यूपीएस घेणार आणि घराचं अर्थिंग नीट करून घेणार. भाऊ म्हणाला, "अर्थिंगचा फोटो काय ग्रुपवर टाकणार?"

असो. ९७० विकायला काढतोय. कुणाला हवं असेल तर एकच मिळेल. दोन्ही मागितलीत तर आधी तिठ्यावर बसून चहा प्यावा लागेल.