खटला मागे घेण्याचा अधिकार कोणाचा?

२० ऑगस्ट २०२४ रोजी बदलापूर स्थानकात लोक रुळांवर उतरले. शाळेत दोन बालिकांवर झालेल्या अत्याचाराची फिर्याद नोंदवून घेण्यात पोलिसांनी केलेली दिरंगाई हे त्या संतापाचे तात्कालिक कारण. दिवसभर गाड्या खोळंबल्या, दगडफेक झाली, लाठीमार झाला आणि शेकडो लोकांवर गुन्हे दाखल झाले. आमच्या खरवईतून रोज लोकल गाठणाऱ्यांना तो दिवस आठवून द्यावा लागत नाही.

हे खटले मागे घ्यावेत, असे आपण म्हणतो आणि योग्यच म्हणतो. रोजंदारीवर जगणाऱ्यास न्यायालयाची प्रत्येक तारीख म्हणजे एका दिवसाची बुडालेली मजुरी. निकालाआधीच तो दंड भरू लागतो. (अर्थशास्त्राच्या मास्तरास हिशेब आधी सुचतो, त्यास इलाज नाही.) परंतु ही मागणी करताना आपण मंत्रालयाकडे पाहतो, आणि तेथेच आपली चूक होते.

जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ३२१, म्हणजेच १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ३६०, हा अधिकार सरकारी वकिलास देते. तोही न्यायालयाच्या संमतीने. पीडितांचे म्हणणे ऐकल्यावाचून संमती देऊ नये, अशी स्तुत्य भर नव्या कलमात पडली आहे. शासनाने सल्ला द्यावा, विचार मात्र वकिलाने स्वतः करावयाचा. शिवाय गुन्हा रेल्वे कायद्याखालचा असेल, तर राज्याच्या वकिलास केंद्राची परवानगी लागते. मंत्रिमहोदयांच्या घोषणेने त्यातले काहीच संपत नाही.

आपलेच उदाहरण घ्या. जॉर्ज फर्नांडिस तुरुंगातून मुझफ्फरपूरला निवडून आले, जनता सरकार आले आणि मार्च १९७७ मध्ये बडोदा डायनामाईट खटला मागे घेतला गेला. १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरविले. आपण आनंदलो, विद्यार्थिदशेतला मीही आनंदलो. पुढे बिहारात जगन्नाथ मिश्र यांच्यावरील सहकारी बँकेच्या गैरव्यवहाराचा खटला याच कलमाखाली मागे घेण्यात आला आणि डिसेंबर १९८६ मध्ये घटनापीठाने बहुमताने तेही मान्य केले. आणीबाणीविरुद्ध लढणारा आणि बँकेच्या प्रकरणातला मुख्यमंत्री एकाच दारातून बाहेर पडले! आमदार-खासदारांवरील खटले उच्च न्यायालयाच्या अनुमतीवाचून मागे घेता येऊ नयेत, हे बंधन घालण्यास २०२१ उजाडावे लागले.

बदलापूरच्याच प्रकरणातील आरोपी २३ सप्टेंबर २०२४ रोजी पोलिसांच्या ताब्यात असताना त्यांच्याच गोळीने मारला गेला. त्या पोलिसांविरुद्ध गुन्हा नोंदवावा, असा आदेश एप्रिल २०२५ मध्ये उच्च न्यायालयास द्यावा लागला. रुळांवर बसलेल्यांवरचे गुन्हे नोंदविण्यास मात्र एक दिवसही लागला नव्हता.

म्हणून कार्यकर्त्यांनी मंत्र्यांच्या दारात न जाता सरकारी वकिलांकडे निवेदन न्यावे. कोण नुसता उभा होता, कोण बसला, कोणी दगड उचलला, हे आरोपीगणिक पुराव्यानिशी त्यात लिहावे, आणि अर्ज कारणांसह न्यायालयापुढे ठेवण्याचा आग्रह धरावा. तारखांना बुडालेल्या मजुरीचा आकडाही त्यात असू द्यावा.