एकच जोतं, दोन घरं

भाऊ वेगळे झाले की आपल्याकडं वाड्याची वाटणी होते. जोतं आजोबांच्या काळचं, एकच. मधे भिंत येते. थोरल्याच्या दाराला सागवानी चौकट लागते, धाकटा लोखंडी ग्रिल बसवून पुढं ग्रॅनाईट घालतो. पाहुण्याला वाटतं, ही दोन वेगळी घरं. गवंडी मात्र खाली बघतो आणि हसतो.

मोटारींच्या धंद्यात या जोत्याला ‘प्लॅटफॉर्म’ म्हणतात. शोरूममधले तरुण हा शब्द हल्ली इतक्या सहज फेकतात, की विचारणाऱ्यालाच संकोच वाटावा. म्हणून थोडं सांगतो. प्लॅटफॉर्म म्हणजे गाडीच्या तळाचा पत्रा, इंजिन आणि माणसं यांच्यामधली पोलादी भिंत, सस्पेन्शन जिथं बोल्टानं बसतं त्या जागा, स्टिअरिंगची मांडणी आणि या सगळ्यातून फिरणारं वायरिंगचं जाळं. हे सगळं एकदा ठरलं की वर कुठलंही घर बांधता येतं. दोन चाकांमधलं अंतर थोडं कमी-जास्त करता येतं, मागचा भाग लांबवता येतो.

कंपन्या हे का करतात, ते आपल्या उद्यमबागेतल्या कुठल्याही फाउंड्रीवाल्याला विचारा. कास्टिंगपेक्षा पॅटर्नचा खर्च जिवावर येतो. एकदा पॅटर्न झाला की जितके नग जास्त, तितका एका नगावरचा भार कमी. गाडीच्या पत्र्याच्या डाय, अपघाताच्या चाचण्या, इंजिन बसवण्याचं गणित या सगळ्याला हाच न्याय लागू. मग एकाच कंपनीनं दोन-तीन नावांनी गाड्या काढल्या तर त्यात फसवणूक आहे का? मला तसं वाटत नाही. फसवणूक तेव्हा होते, जेव्हा फक्त चौकट बदललेली असते आणि पैसे मात्र अख्ख्या नव्या घराचे मागितले जातात.

आपल्या ओळखीचं उदाहरण आधी घेऊ. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बेळगावात सायकलींचं दुकान काढलं. त्यांच्या नावाचा रस्ता शहरात आजही आहे. त्याच घराण्याच्या भागीदारीतून १९९७ मध्ये टोयोटा किर्लोस्कर मोटर उभी राहिली, बंगळूरजवळच्या बिडदीला. तिथंच २०२२ मध्ये दोन भावंडं जन्मली : टोयोटाची हायरायडर आणि मारुती सुझुकीची ग्रँड व्हिटारा. जोतं सुझुकीचं. जास्त मायलेज देणाऱ्या हायब्रीडचं तंत्र टोयोटाचं, साधं पेट्रोल इंजिन सुझुकीचं. दोन्ही गाड्यांत दोन्ही मिळतात. वेगळं काय, तर पुढची जाळी, दिवे, आतली रंगसंगती. सुरुवातीला वॉरंटीतही फरक होता : टोयोटा तीन वर्षं किंवा एक लाख किलोमीटर द्यायची, मारुती दोन वर्षं किंवा चाळीस हजार. २०२४ मध्ये मारुतीनंही तीन वर्षं आणि एक लाख केले. मग उरलं काय? जवळचं सर्व्हिस सेंटर, आणि गाडी हातात पडायला लागणारे आठवडे. या जोडीत मी तरी बोधचिन्हासाठी जादा रुपया मोजणार नाही.

चाकणला २०२१ पासून तयार होणाऱ्या स्कोडा कुशाक आणि फोक्सवॅगन टायगुन यांची गोष्टही बहुतेक अशीच. इंजिनं तीच, दोन चाकांमधलं अंतर तेच. इथं निवड म्हणजे खरोखर दाराच्या चौकटीची आवड.

खरी गंमत वरच्या आळीत आहे. फोक्सवॅगन समूहाच्या ‘एमएलबी इव्हो’ नावाच्या एका जोत्यावर ऑडी क्यू ७, पोर्शे कायेन, बेंटले बेंटायगा आणि लॅम्बोर्गिनी उरुस अशी चार घरं उभी आहेत. क्यू ७ आपल्याकडं छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याला जुळवली जाते आणि नव्वद लाखांच्या आसपास मिळते. उरुस चार कोटींच्या पुढं. मग उरुस घेणारा वेडा का? नाही. क्यू ७ मध्ये तीन लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन, ताकद ३४० अश्वशक्ती. उरुसमध्ये चार लिटरचं आठ सिलिंडरचं, आणि ताकद सुरुवातीपासूनच ६५० च्या घरातली. क्यू ७ मध्ये सात माणसं बसतात, म्हणजे आजी-आजोबांसह ज्योतिबाला जाता येतं. कायेन पाच जणांची, दोन चाकांमधलं अंतर जवळपास दहा सेंटिमीटरनं कमी. चारही चाकांना ताकद वाटून देण्याची पोर्शेची पद्धतसुद्धा ऑडीपेक्षा वेगळी. इथं जोत्यावर घर नव्यानं बांधलंय, नुसती रंगरंगोटी नाही. किंमत योग्य की अयोग्य हा ज्याच्या त्याच्या खिशाचा प्रश्न, पण वेगळेपण खोटं नाही.

याच्या मधे कुठंतरी टोयोटा लँड क्रूझर आणि लेक्सस एलएक्स ही जोडी बसते. लेक्सस हा टोयोटाचाच श्रीमंत भाऊ. १९८९ मध्ये अमेरिकेत अवतरला, भारतात २०१७ मध्ये आला. दोन्ही गाड्यांचा सांगाडा एक, चाकांमधलं अंतर एक, ३.३ लिटरचं डिझेल इंजिन एक आणि त्याची ताकदही एक. लँड क्रूझर ३०० भारतात आली तेव्हा दोन कोटींच्या थोडी पुढं होती, एलएक्स पावणेतीनच्या पुढं. या सत्तर लाखांत काय येतं? गाडी गरजेप्रमाणं वर-खाली करणारं हायड्रॉलिक सस्पेन्शन येतं, ते लँड क्रूझरला नाही. आतलं कातडं, शांतता, मागच्या सीटचे लाड येतात. बाकी वाट्याला येतं ते नाव.

आणि या नावावर सरकारही कर घेतं, हे आपण विसरतो. कर्नाटकात वीस लाखांवरच्या पेट्रोल-डिझेल गाडीला आयुष्यभराचा रस्ताकर १८ टक्के, उपकर वेगळा. म्हणजे त्या सत्तर लाखांच्या फरकावर एकट्या रस्ताकराचेच साडेबारा लाख झाले. (तेवढ्यात दारात एक साधी गाडी उभी राहते!) म्हणूनच निपाणीकडच्या काहींना केए-२३ ऐवजी एमएच-०९ ची पाटी खुणावते. पण परराज्याची गाडी बारा महिन्यांवर इथं वापरली की नवी नोंदणी करावी लागते, असा मोटार वाहन कायदा सांगतो. कोल्हापूरच्या मेहुण्याचा पत्ता फार दिवस पुरत नाही.

आता सगळ्यात जास्त गैरसमज असलेली गाडी. २००८ मध्ये टाटांनी जग्वार लँड रोव्हर २.३ अब्ज डॉलरना घेतली, आणि २०१९ मध्ये हॅरियर आली तेव्हा गावोगाव एकच वाक्य : ‘लँड रोव्हर आहे हो, फक्त स्वस्तातली.’ जोतं डिस्कव्हरी स्पोर्टच्या घराण्यातलं आहे, हे खरं. पण पुण्याच्या कारखान्यात ते आपल्या भावात बसवताना महागड्या ॲल्युमिनियमच्या जागी पोलाद आलं, मागचं सस्पेन्शन साधं झालं, आणि डिझेल हॅरियरला चारही चाकांची ताकद मिळालीच नाही. इंजिन फियाटच्या मुळातलं, जीप कंपासमध्ये येतं तेच. तरी गाडी वाईट नाही, उलट आपल्या खड्ड्यांना पुरून उरणारी आहे. ती टाटांची चांगली गाडी म्हणून घ्यावी. लँड रोव्हर म्हणून घेतली, तर पहिल्याच चिखलात ओशाळायला होतं.

हे सगळं मी का लिहितोय? गेल्या काही वर्षांत लग्नाच्या बैठकीत ‘मुलगा काय करतो’ याच्या पाठोपाठ ‘गाडी कुठली’ हा प्रश्न येऊ लागलाय. तंबाखूचा भाव चढला किंवा उसाचं बिल जमा झालं की एखाद्या घरात परवडणारी गाडी सोडून वरच्या बोधचिन्हाची गाडी दारात येते, आणि पतसंस्थेचा हप्ता सात वर्षं घरात मुक्कामाला राहतो. पुढच्या बैठकीत नवरदेवाचा बाप किल्ली टेबलावर ठेवील तेव्हा मुलीच्या मामानं चहा पीत पीत विचारायला हरकत नाही : ‘पाव्हणं, जोतं कुणाचं? आणि हप्ता किती?’