धागा : जीमूतवाहन नेमका कोणत्या प्रकारात बसतो?

१/ काल्पनिक पात्राला स्वभावाच्या चौकटीत बसवण्याचा खेळ समाजमाध्यमांवर रोज रंगतो. अमुक नायक ‘आयएनएफजे’ की ‘आयएनटीजे’, यावर हिरिरीने वाद होतात. हा छंद नवा आणि पाश्चात्त्य असल्याचा समज आहे. प्रत्यक्षात असाच एक वाद संस्कृत नाट्यविचारात सुमारे १,००० वर्षांपूर्वी झाला होता, आणि त्यातून निघालेले उत्तर आजच्या बहुतेक उत्तरांहून शहाणपणाचे होते.

२/ वादाचा विषय होता जीमूतवाहन, ‘नागानंद’ या पाच अंकी नाटकाचा नायक. हे नाटक सम्राट हर्षाच्या (कारकीर्द इ.स. ६०६ ते ६४७) नावावर आहे. शीलादित्य राजाने जीमूतवाहनाची कथा रचून ती संगीत व नृत्यासह सादर करवली, अशी नोंद चिनी यात्रेकरू इत्सिंग यानेही केली आहे.

३/ जीमूतवाहन हा विद्याधरांचा राजपुत्र. राज्य सोडून तो वृद्ध आईवडिलांच्या सेवेसाठी वनात येतो. शत्रू राज्य बळकावतो, तरी त्याला लढायचे नाही. दरम्यान तो मलयवतीच्या प्रेमात पडतो आणि दोघांचा विवाह होतो. पुढे गरुडाचे भक्ष्य म्हणून शंखचूड नावाच्या नागाची पाळी येते. त्याच्या म्हाताऱ्या आईचा आकांत ऐकून जीमूतवाहन स्वतःच वध्यशिलेवर जाऊन बसतो.

४/ दहाव्या शतकाच्या उत्तरार्धात माळव्याच्या परमार राजा मुंजाच्या सभेत धनंजयाने ‘दशरूपक’ लिहिले. त्यात नायकांचे चार प्रकार आहेत : निश्चिंत व कलासक्त तो धीरललित, शांत वृत्तीचा ब्राह्मण, वणिक आदी तो धीरशांत, गंभीर, क्षमाशील व दृढव्रती तो धीरोदात्त, गर्विष्ठ, कपटी व चंचल तो धीरोद्धत. उदयन, चारुदत्त, राम आणि रावण ही त्यांची ओळखीची उदाहरणे.

५/ या ग्रंथावरील ‘अवलोक’ टीकेत धनिक एक आक्षेप मांडतो. जीमूतवाहनाला धीरोदात्त का म्हणायचे? उदात्तपणा म्हणजे सर्वांवर मात करणे, आणि तो जिंकण्याची इच्छा असणाऱ्यालाच शोभतो. हा तर राज्यही नको म्हणणारा. मग तो धीरशांतच. आक्षेपक इथवर थांबत नाही. अशा निरिच्छ नायकाला मलयवतीच्या प्रेमात पाडणे हेच अनुचित, असे तो म्हणतो. पात्र प्रकारात बसले नाही, तेव्हा दोष कवीच्या माथी आला.

६/ धनिकाचे उत्तर मुळावर जाते. जिंकणे एकाच तऱ्हेचे नसते. शौर्यात, त्यागात किंवा दयेत जो इतरांना मागे टाकतो, तोही विजिगीषूच. दुसऱ्याचे लुबाडणे एवढाच जिंकण्याचा अर्थ घेतला, तर वाटमाऱ्यालाही धीरोदात्त म्हणावे लागेल. पात्राला कापून व्याख्येत बसवण्याऐवजी धनिक व्याख्येचाच अर्थ पुन्हा तपासतो.

७/ याहून महत्त्वाचे विधान पुढे येते. धीरललित, धीरोदात्त ही जातिवाचक नावे नाहीत, ती अवस्थांची नावे आहेत. जनावर एकच, पण वयापरत्वे आपण त्याला वासरू, गोऱ्हा, वळू म्हणतो, तसेच हे. पुरावा म्हणून तो परशुरामाकडे बोट दाखवतो. तोच परशुराम रावणाशी वागताना उदात्त, रामासमोर आधी उद्धत आणि नंतर शांत दिसतो. प्रकार जन्मजात असता, तर महाकवींचे हे चित्रण विसंगत ठरले असते.

८/ आता आजच्या १६ प्रकारांकडे वळू. कार्ल युंगचा स्वभावप्रकारांवरचा ग्रंथ १९२१ साली आला. त्याच्या आधारे कॅथरीन ब्रिग्ज आणि तिची मुलगी इझाबेल मायर्स यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात प्रश्नावली बनवली. माणसाला स्वभावाला साजेसे काम मिळावे, हा त्यामागचा एक हेतू. ही चौकट प्रकार जन्मभराचा मानते. तरीही काही आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा देणाऱ्यांपैकी अनेकांना वेगळी अक्षरे मिळतात. धनिकाला याचे नवल वाटले नसते.

९/ जीमूतवाहनाला ही अक्षरे लावून पाहावीत. पहिल्या अंकांतला, प्रेमात रमलेला आणि प्रसंगाच्या प्रवाहात वाहणारा तरुण ‘आयएनएफपी’ वाटतो. चौथ्या अंकात लाल वस्त्रे हाती येताच क्षणात निर्णय घेऊन तो तडीस नेणारा मात्र ‘आयएनएफजे’. यांतला खरा कोणता, हा प्रश्नच फसवा आहे. दोघांमधले अंतर हेच तर नाटक आहे.

१०/ तथापि धनिकाचेही गोडवे गाऊन थांबू नये. धीरशांतपणा द्विजादींशी जोडणे ही निव्वळ परिभाषा आहे, वास्तव नव्हे, असे आक्षेपकाने म्हटले होते. धनिकाने त्या जोडणीची पाठराखण केली. येथे आक्षेपकच अधिक मोकळा होता. स्वभावाची चौकट निरागस नसते. ती आखणाऱ्याच्या समाजाची उतरंडही तिच्यात उतरते.

११/ दुसरी मर्यादा अधिक बोलकी आहे. अवस्था बदलण्याची मुभा धनिकाने दुय्यम पात्रांना दिली, मुख्य नायकाला नाही. नायकाला न शोभणारा प्रसंग गाळावा किंवा बदलावा, असा नियम होता. म्हणून मायुराजाने ‘उदात्तराघवा’त रामाने कपटाने केलेला वालिवध गाळला. भवभूतीच्या ‘महावीरचरिता’त तर वालीच रावणाच्या मैत्रीखातर रामाला मारायला येतो.

१२/ इतिहासाच्या अभ्यासकाने येथे थबकावे. नाटककाराला प्रसंग गाळण्याचा अधिकार आहे, इतिहासकाराला नाही. पण एखाद्या ऐतिहासिक पुरुषाला आपण ‘धीरोदात्त’ किंवा ‘आयएनटीजे’ ठरवले, की त्याचा संताप, त्याची चूक, त्याची माघार दाखवणारी पत्रे नकळत बाजूला सरकू लागतात. मायुराजाने जाणूनबुजून केले, ते वाचक न कळत करतो.

१३/ म्हणून हा खेळ सोडावा असे नाही. दशरूपकातल्या वादाने ‘नागानंद’ अधिक बारकाईने वाचायला लावले, हे त्याचे श्रेय. प्रकार सांगताना कोणत्या अंकातला, कोणासमोरचा आणि कोणत्या पुराव्यावरून, एवढे सांगितले तर खेळाचा अभ्यास होतो.

१४/ सरावासाठी याच नाटकातला गरुड घ्यावा. शेवटच्या अंकात तो जीमूतवाहनाला फाडून खात असतो. आपण भलत्यालाच मारत आहोत हे कळताच तो पश्चात्तापाने कोसळतो आणि हिंसा सोडण्याचे ठरवतो. त्याला चार अक्षरे द्यायची झाली, तर ती कोणत्या क्षणाच्या गरुडाला द्यायची?