दरवाजा अडला म्हणजे लॉक गेलं, असं नाही! निदान गिऱ्हाइकाला शिकवा, धंदा बुडत नाही



या आठवड्याचा व्हिडिओ वॉशिंग मशीनच्या दरवाजाच्या लॉकवर आहे. व्हिडिओ बघून काही दुकानदार मित्र विचारतील, "हे सगळं गिऱ्हाइकाला फुकट सांगितलं, तर आपल्याला बोलवणार कोण?" प्रश्न रास्त आहे. म्हणूनच हा लेख. यात घरी लॉकचं निदान कसं करायचं ते सांगतो, आणि ते शिकवणं दुकानदाराच्याच फायद्याचं का आहे, हे माझं मतही मांडतो.

आधी आपल्या भागाची गोष्ट. सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा जाहीर झाला. आज मालवण, तारकर्ली, देवबाग, आचरा, कुठेही जा, घराला जोडून दोन-चार खोल्यांचं न्याहारी निवास दिसतंच. त्या प्रत्येक घराच्या मागच्या पडवीत एक वॉशिंग मशीन असतं. शनिवारी सकाळी पाहुणे गेले, दुपारी दुसरे येणार, आठ चादरी मशीनमध्ये, आणि फोन येतो, "अहो, मशीनचो दरवाजो उघडना नाय!" त्या ताईंसाठी हे फक्त मशीन बिघडणं नाही. तो त्या दिवसाचा धंदा आहे. कंपनीचा माणूस कुडाळ-कणकवलीकडून येणार, तो आज येईल याची खात्री नाही. बरं, आला आणि म्हणाला, "लॉक गेलंय, पार्ट मागवतो", तर आणखी दिवस गेले. पार्ट बसवल्यावरही मशीन चालू झालं नाही तर?

होतं असं. कारण मशीन "दरवाजा" म्हणून तक्रार दाखवतं, "लॉक खराब" असं ते सांगत नाही. एलजीच्या मशीनवर "डीई" दिसतं. इतर कंपन्यांचे आपापले कोड आहेत. त्या कोडचा अर्थ एवढाच, की दरवाजा नीट बंद झाल्याची खूण बोर्डला मिळालेली नाही. ती का मिळाली नाही, हे शोधणं म्हणजे निदान. कोड वाचून पार्ट बदलणं म्हणजे अंदाज. आणि अंदाजाचे पैसे गिऱ्हाईक भरतं.

लॉक चालतं कसं?

समोरून दरवाजा असलेल्या अनेक मशीनमध्ये लॉकच्या आत एक छोटा हीटर आणि दोन धातूंची एक पट्टी असते. स्टार्ट दाबलं की हीटरला वीज मिळते, पट्टी तापून वाकते आणि एक खिळ पुढे सरकवते. दरवाजा अडकतो, आणि त्याच वेळी आतला संपर्क जुळून बोर्डला खूण जाते. याला साधारण दोन ते पाच सेकंद लागतात आणि "टक" असा आवाज येतो. वीज बंद झाल्यावर पट्टी थंड व्हायला मिनिट-दोन मिनिटं जातात, मग दरवाजा सुटतो. म्हणजे कपडे धुऊन झाल्या झाल्या दरवाजा उघडला नाही, तर तो बिघाड नाही, ती मशीनची रीत आहे. काही नवीन मशीनमध्ये हीटरऐवजी कॉइलवर चालणारं लॉक असतं, ते लगेच लागतं आणि लगेच सुटतं. वरून झाकण असलेल्या मशीनची रचना आणखी वेगळी. त्यामुळे तक्रार सांगताना मॉडेल नंबर आधी सांगा.

घरी काय तपासायचं?

पहिलं म्हणजे तक्रार कोणती ते ठरवा. दरवाजा लागत नाही, म्हणून मशीन सुरू होत नाही? की दरवाजा लागलाय आणि उघडत नाही? दोन्हींची कारणं वेगळी आहेत. फोनवर बहुतेक जण दोन्हीला "लॉक गेलो" असंच म्हणतात.

मशीन सुरू होत नसेल तर या क्रमाने जा:

१. बटण बंद करा, प्लग काढा, दहा मिनिटं थांबा, मग पुन्हा लावून बघा. बोर्ड कधी कधी अडकतो, तो यानेच सुटतो.

२. चाइल्ड लॉक चालू आहे का बघा. घरात लहान मूल असेल तर हे आधी बघा.

३. दरवाजा आणि रबराच्या मध्ये मोजा, रुमाल, चादरीचं टोक अडकलंय का बघा.

४. दरवाजाचा हूक बघा. तडा गेलाय का, स्प्रिंग ढिली आहे का? मग ज्या खाचेत हूक जातो तिथे टॉर्च मारा. साबणाची पूड, कपड्यांची लव आणि आपल्याकडे हमखास सापडणारी गोष्ट, समुद्राची वाळू. कोरड्या मऊ ब्रशने साफ करा. पाणी किंवा तेल घालू नका.

५. दरवाजा हाताने किंचित वर उचलून आणि लॉकच्या बाजूने दाबून धरा, आणि दुसऱ्या कुणाला स्टार्ट दाबायला सांगा. असं केल्यावर मशीन चालू झालं, तर बहुधा लॉक चांगलं आहे. दरवाजा बिजागरीत खाली बसलाय किंवा हूक झिजलाय.

६. आता कान द्या. "टक" आवाज येतो आणि तरी मशीन चालू होत नाही? मग लॉक लागतंय, पण खूण बोर्डपर्यंत जात नाही. संपर्क, वायर किंवा बोर्ड यांपैकी काहीतरी आहे. आवाजच येत नाही? मग लॉकला वीज मिळत नाही, किंवा हीटर गेलाय. व्होल्टेज फार उतरलेलं असेल तर हीटर तापायला वेळ लागतो, म्हणून संध्याकाळी अडलेलं मशीन सकाळी चालतं का, तेही बघा.

दरवाजा उघडत नसेल तर आधी काचेतून पाणी दिसतंय का बघा. आत पाणी असेपर्यंत मशीन दरवाजा सोडत नाही, ते बरोबरच आहे. अशा वेळी पाणी बाहेर टाकणारा पंप किंवा त्याचा फिल्टर तुंबलेला असतो. प्लग काढा, पाणी गरम असेल तर निवू द्या, खालच्या कोपऱ्यातलं झाकण उघडा, परात ठेवून पाणी हळूहळू सोडा आणि फिल्टर साफ करा. नाणी, पिना, वाळू, सगळं तिथे सापडतं. बऱ्याच मशीनमध्ये त्याच झाकणामागे दरवाजा सोडवायची एक छोटी दोरी किंवा पट्टी असते. पाणी पूर्ण गेल्यावरच ती ओढा.

इथे थांबायचं

घरच्या माणसाचं काम इथे संपतं. मागचं किंवा वरचं पत्र्याचं कव्हर उघडू नका. वॉरंटी असेल तर ती जाईल हा एक मुद्दा, पण ओल्या जमिनीवर उभं राहून २३० व्होल्टशी खेळ नको हा त्याहून मोठा मुद्दा.

आणि एक गोष्ट अगदी स्पष्ट सांगतो. लॉकच्या वायरी एकमेकींना जोडून मशीन "चालू करून देणारे" आहेत. स्वस्तात होतं, गिऱ्हाईक खूश. पण मग दरवाजा उघडा असतानाही ड्रम फिरू शकतो. पिळताना हा ड्रम मिनिटाला हजाराहून जास्त फेरे घेतो. घरात मूल असेल तर काय होईल, तुम्हीच विचार करा. माझ्या मते हे काम करणारा मेकॅनिक दुरुस्ती करत नाही, तो संकट बसवून जातो. कितीही घाई असो, हे करून मागू नका, आणि दुकानदारांनो, कितीही पैसे देऊ केले तरी करून देऊ नका.

मेकॅनिकने काय करायला हवं?

आता दुकानदार मित्रांसाठी. लॉक बदलण्याआधी मीटर लावा. प्लग काढून, कनेक्टर सोडवून हीटरच्या दोन टोकांत रोध मोजा. हीटरच्या लॉकमध्ये तो साधारण काहीशे ओहमपासून हजार-दीड हजारपर्यंत दिसतो. काहीच दाखवत नसेल तर हीटर तुटलाय, लॉक बदला. थंड असताना मुख्य संपर्क उघडा हवा. तो जुळलेलाच असेल तर संपर्क चिकटलाय, तेव्हाही लॉक बदला. हीटर ठीक असेल, तर स्टार्टच्या वेळी लॉकपर्यंत वीज पोहोचते का ते बघा, आणि हे काम शिकलेल्या हातांनीच करायचं. वीज पोहोचत नसेल तर दोष वायरीत किंवा बोर्डात आहे, शंभर लॉक बदलली तरी मशीन चालणार नाही. कॉइलच्या लॉकचे आकडे वेगळे असतात, त्यासाठी त्या मॉडेलचा सर्व्हिस कागद बघा.

आपल्या किनाऱ्यावर मी एक पायरी आधी घेतो. कनेक्टर काढून डोळ्यांनी बघतो. हवेत साधारण ७५ टक्क्यांपेक्षा जास्त दमटपणा असला की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि आपल्या पावसाळ्यात एवढा दमटपणा रोजचाच. तांब्या-पितळेच्या टोकांवर हिरवा थर चढतो, बिजागरीचे स्क्रू गंजतात, दरवाजा खाली बसतो. पुण्यातल्या मेकॅनिकला जे क्वचित दिसतं, ते देवबागात नेहमीचं आहे. म्हणून "कोड आला, लॉक बदल" हा नियम आपल्याकडे आणखीच महागात पडतो. कनेक्टर साफ करून घट्ट बसवणं हे दहा मिनिटांचं काम असू शकतं.

मग कमवायचं कशावर?

आता मूळ प्रश्न. बीबीएला असताना शिकवलं होतं, की एक गिऱ्हाईक म्हणजे एक बिल नाही, पुढची सगळी वर्षं आहेत. हे पुस्तकात वाचताना गुळगुळीत वाटतं. पण हिशेब मांडून बघा.

मालवणहून देवबागला जाऊन-येऊन पंचवीसेक किलोमीटर होतात. समजा तुम्ही गेलात आणि कळलं की चाइल्ड लॉक चालू होतं. पैसे मागितले तर ताई म्हणणार, "बटण दाबूचे पैसे?" नाही मागितले तर पेट्रोल आणि अर्धा दिवस गेला. दुसरं उदाहरण, लॉक खरंच गेलंय, पण तुमच्या पिशवीत त्या मॉडेलचं नाही. म्हणजे दोन फेऱ्या, मजुरी एकीची. आता हेच गिऱ्हाईक जर फोनवर सांगू शकलं, "मॉडेल नंबर हा, पाणी नाही, हूक ठीक, टक आवाज येत नाही", तर तुम्ही योग्य पार्ट घेऊन एकाच फेरीत काम संपवता. शिकवल्यामुळे जी कामं कमी होतात, ती मुळात तोट्याचीच होती. उरतात ती पैशाची.

आणि विश्वास? सीझनमध्ये ज्या ताईला तुम्ही फोनवर फिल्टर साफ करायला सांगून आठ चादरी सोडवून दिल्यात, ती तिचा गिझर, फ्रिज, इन्व्हर्टर कुणाकडे देईल? शेजारच्या न्याहारी निवासवालीला कुणाचा नंबर देईल?

फक्त फुकट काय आणि पैशाचं काय, याची रेघ आधी ओढा. माझी रेघ अशी: फोनवरची आणि व्हिडिओवरची पहिली तपासणी मोफत. घरी येऊन तपासणीचे पैसे ठरलेले, आधी सांगितलेले, पार्ट बदलला नाही तरी घेणार. कारण निदान हेही काम आहे. आपण निदानाचे पैसे मागायला लाजतो, म्हणून ते पार्टमध्ये लपवतो, आणि मग गरज नसताना पार्ट बदलायची सवय लागते. रोग तिथे आहे.

गिऱ्हाइकांनीही आपले हक्क माहीत करून घ्यावेत. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार सेवेचं बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरू शकते. केंद्र सरकारने २४ डिसेंबर २०२२ ला दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं, त्यात घरगुती उपकरणंही आहेत. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. पण त्याआधी तीन साध्या गोष्टी मागा: काय मोजलं ते सांगा, बदललेला जुना पार्ट परत द्या, बिल द्या. जो मेकॅनिक या तिन्हीला लगेच हो म्हणतो, त्याचा नंबर जपून ठेवा. त्याने तपासणीचे पैसे मागितले तर घासाघीस करू नका.

दुकानदार मित्रांनो, या आठवड्याचं काम: वरचे सहा मुद्दे एका कागदावर मोठ्या अक्षरात छापा, खाली तुमचा नंबर आणि तपासणीचा दर लिहा, आणि मशीन दुरुस्त केलं की त्याच्या बाजूच्या भिंतीवर चिकटवून या. आणि समुद्रावरून आलेले कपडे झटकून मगच मशीनमध्ये टाका, हे त्या कागदावर सगळ्यात वर लिहा.

तुमच्याकडे निदानाचे पैसे वेगळे घेता का? किती, आणि गिऱ्हाईक काय म्हणतं? कमेंटमध्ये लिहा, पुढच्या व्हिडिओत त्यावरच बोलू.