राखण कोणाची आणि कोणापासून?

वसई-विरारकडील गृहनिर्माण संस्थांच्या वार्षिक सभांतून हल्ली एक विषय सहसा चुकत नाही, तो म्हणजे सुरक्षा. पाण्याच्या टाकीची गळती, गच्चीची दुरुस्ती, थकलेली वर्गणी हे विषय पुढच्या सभेवर ढकलता येतात. परंतु कुंपणाची भिंत उंच करणे, तिच्यावर काटेरी तार बसविणे, जिन्याजिन्यात कॅमेरे लावणे, यांसाठी हात वर होण्यास वेळ लागत नाही. आमच्या धर्मग्रामांतील अनेक कुटुंबे वाडीतले घर सोडून अशा संस्थांत राहावयास गेली आहेत. त्यांची भीती आम्ही जाणतो. चोऱ्या होतात, मुले परदेशी असतात आणि म्हातारे आईवडील घरी एकटे असतात. तेव्हा दाराला भक्कम कडी असावी, जिन्यात दिवा असावा, याविषयी आमचा कोणाशीही वाद नाही. आमचा वाद आहे तो त्याच सभांतून नकळत संमत होणाऱ्या दुसऱ्या एका ठरावाशी. तो इतिवृत्तात लिहिला जात नाही, पण काटेकोरपणे पाळला जातो. अनोळखी आणि गरीब दिसणारा माणूस हा प्रथम संशयित, असा तो ठराव आहे. त्याने कोणाचेही घर सुरक्षित होत नाही, आणि त्याच वृत्तीने आमच्या या पालघर जिल्ह्यात निरपराध माणसांचे बळी घेतले आहेत, हे आम्हांस स्पष्टपणे सांगावयाचे आहे.

प्रथम ज्यांच्याकडे संशयाने पाहिले जाते त्यांच्या घराकडे पाहू. जव्हार तालुक्यात साखरशेत नावाचे गाव आहे. जव्हार-मोखाड्याच्या या डोंगराळ पट्ट्यात वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी, कातकरी असे आदिवासी बांधव राहतात. कारवीच्या काठ्यांचा कूड, त्यावर शेणामातीचा लेप, वर गवत किंवा कौले, असे येथले जुने घर. अलीकडे शासनाच्या घरकुल योजनांतून विटांच्या भिंती उभ्या राहू लागल्या आहेत. तरीही कुडाची घरे संपलेली नाहीत. कूड हाताने उसकटता येतो. अशा घराला कुलूप लावले काय आणि न लावले काय, सारखेच. नाचणी-वरईची कणगी, दोन-चार कोंबड्या, एखादी शेळी हीच घरातली मालमत्ता. दिवाळी सरली की येथील कितीतरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर मजुरीसाठी वसई, भिवंडी, नाशिककडे जातात. मागे म्हातारी माणसे राहतात. अशा घराची राखण शेजारच्या घराची जाग करते.

या जीवनाचे गोडवे आम्हांस गावयाचे नाहीत. येथेही भांडणे आहेत, दारू आहे, एखाद्या विधवेला भुताळी ठरवून छळणारी अंधश्रद्धा आहे. परंतु एक गोष्ट ध्यानात घ्यावी. १९९२-९३ साली याच जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी परिसरातील बालमृत्यूंनी सारा महाराष्ट्र हादरला होता. त्या झोपड्यांतून कोणत्याही चोराने जे नेले नसते ते भुकेने आणि साध्या आजारांनी नेले. घराची सुरक्षा म्हणजे काय, या प्रश्नाचे उत्तर तेथील आई वेगळे देईल. कणगीत पावसाळा निघेल इतके धान्य असणे, उन्हाळ्यात विहिरीला पाणी असणे आणि तापाने फणफणलेल्या मुलाला रात्री दवाखान्यात पोहोचविता येणे, ही तिच्या घराची कडी आणि हेच तिचे कुंपण.

आता विसंगती पाहा. जव्हार-मोखाड्याची माणसे वीटभट्टीवर विटा थापतात. त्याच विटांनी आमच्या इमारती आणि त्यांच्या कुंपणाच्या भिंती उभ्या राहतात. भिंत पूर्ण झाली की ती बांधणाऱ्याला फाटकावर अडवून नाव, गाव, काम विचारले जाते. घरकाम करणाऱ्या बाईची पिशवी जाताना उघडून पाहिली जाते. सदनिकेत अंगठी सापडेनाशी झाली की प्रथम तिला बोलावणे जाते. अंगठी पुढे कपाटामागे सापडली तर तिची क्षमा मागण्याचा ठराव कोणत्याही सभेत होत नाही. आणि फाटकावरचा तो रखवालदार? तोही पोटासाठी दूरवरून आलेला, बारा-बारा तास उभा राहणारा. खाजगी सुरक्षा रक्षकांच्या नोकरीचे नियमन आणि कल्याण यासाठी महाराष्ट्रात १९८१ सालापासून कायदा आहे. आपल्या रखवालदाराला त्यातले काय मिळते, हे किती संस्थांनी विचारले असेल? ज्याच्यावर आमची झोप सोपविली त्याच्या झोपेची चौकशी करणे आम्हांस सुचत नाही.

कोणी म्हणेल, संशयाने कोणाचे काय बिघडते? याचे उत्तर दोन तारखा देतात.

पहिली तारीख १ जुलै २०१८. त्या उन्हाळ्यापासून देशभर मुले पळविणाऱ्या टोळ्यांच्या अफवा भ्रमणध्वनीवरून फिरत होत्या. त्यांपैकी एक चित्रफीत मुळात कराचीत मुलांच्या सुरक्षिततेविषयी जागृती व्हावी म्हणून तयार झालेली जाहिरात होती. तिचा शेवटचा खुलासा कापून टाकण्यात आला आणि उरलेला भाग अपहरणाचा पुरावा म्हणून हातोहात पसरला. मुलांच्या रक्षणासाठी केलेले साधन माणसे मारण्याच्या कामी आले. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे तो आठवडी बाजाराचा दिवस होता. मंगळवेढ्याकडून आलेले, भिक्षा मागून पोट भरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तेथे आले. मुले पळविणारे म्हणून जमावाने त्यांना धरले, ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडले आणि पाचही जणांना ठेचून मारले. पिढ्यानपिढ्या गावोगाव फिरणे हाच ज्यांचा जीवनक्रम, त्यांचे फिरणेच त्यांचा अपराध ठरले.

दुसरी तारीख १६ एप्रिल २०२०, आणि स्थळ आमच्याच जिल्ह्यातील डहाणू तालुक्यात दादरा-नगर हवेलीच्या सीमेलगतचे गडचिंचले. टाळेबंदीचे दिवस होते. चोर आले आहेत, मुले पळविणारे आले आहेत, मूत्रपिंडे काढून नेणारे आले आहेत, अशा अफवांनी त्या भागातील गावे रात्ररात्र जागत होती. दोन साधू आपल्या गुरूंच्या अंत्यविधीसाठी मुंबईहून सुरतेकडे निघाले होते आणि आडवाटेने जात असता तेथे अडविले गेले. त्या दोघांना व त्यांच्या वाहनचालकाला जमावाने पोलिसांच्या देखत ठार केले. शंभराहून अधिक लोकांना अटक झाली. काही पोलीस पुढे सेवेतून बडतर्फ झाले. या घटनेला धर्मद्वेषाचा रंग देण्याचा प्रयत्नही त्या वेळी झाला. आम्ही एवढेच म्हणतो की, भगव्या वस्त्रातील ते प्रवासी आमचे बंधू होते. पांढरा झगा घालून अनोळखी वाटेने रात्री-अपरात्री जाणारा आमच्यासारखा धर्मगुरू त्या रात्री त्या चौकीवर असता, तर त्याचे नशीब वेगळे असते असे कोण सांगू शकेल?

त्या रात्री जागणारी माणसे स्वतःला खुनी समजत नव्हती. आपण गावाची राखण करीत आहोत, असेच त्यांना वाटत होते. आम्हांस सर्वांत अधिक भय वाटते ते याच गोष्टीचे. 'अडाणी आदिवासींचा प्रमाद' म्हणून आम्ही शिकलेल्यांनी हात झटकू नयेत. फाटकाजवळ उभ्या असलेल्या फेरीवाल्याचे छायाचित्र काढून 'सावधान, हा इसम आपल्या परिसरात फिरत आहे' असा मजकूर कोणतीही खातरजमा न करता शेकडो घरांत पाठविणारे हात पदवीधरांचे असतात. लाठी आणि मजकूर यांत अंतर आहे, हे खरे. परंतु त्या अंतरात उभा असतो तो केवळ योगायोग. २०१८ च्या जुलैमध्ये व्हॉट्सअ‍ॅपला भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मजकूर पुढे धाडण्याची मर्यादा घालावी लागली. जी मर्यादा यंत्राला घालावी लागली ती आमच्या विवेकाने आधीच घालावयास नको होती काय?

'सावध राहिलेले बरे' असे म्हणणाऱ्यांना आम्ही विचारतो, सावध कोणापासून? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे वार्षिक अहवाल वर्षानुवर्षे सांगत आले आहेत की, बलात्काराच्या नव्वद टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी पीडितेच्या ओळखीचा असतो. नातलग, शेजारी, मित्र, मालक. त्याला कोणताही रखवालदार अडवीत नाही, कारण तो फाटकाच्या आतलाच असतो. चर्चचा परिसरही या धोक्यापासून मुक्त नाही, हे जगाने पाहिले आहे. सारी नजर बाहेरच्या फेरीवाल्यावर खिळविणारी सावधगिरी घरातल्या लेकराला एकटे टाकते.

कायद्याने नागरिकाला हतबल ठेवलेले नाही. आपल्या डोळ्यांदेखत दखलपात्र व अजामीनपात्र गुन्हा करणाऱ्याला पकडण्याचा अधिकार सामान्य माणसालाही आहे. मात्र नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार त्याला विनाविलंब, सहा तासांच्या आत, पोलिसांच्या हवाली केले पाहिजे. पकडण्याचा अधिकार आहे, शिक्षेचा नाही; आणि नुसत्या संशयावरून तर पकडण्याचाही नाही. सर्वोच्च न्यायालयाने १७ जुलै २०१८ रोजी जमावहत्या रोखण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात वरिष्ठ पोलीस अधिकारी नेमण्याचे आदेश दिले. १ जुलै २०२४ पासून, म्हणजे राईनपाड्यानंतर बरोबर सहा वर्षांनी, जात, समाज, जन्मस्थान, भाषा अशा कारणांवरून पाच किंवा अधिक जणांनी मिळून केलेल्या हत्येस जन्मठेप किंवा फाशीची शिक्षा सांगणारी स्वतंत्र तरतूद लागू झाली आहे. पण कायदा प्रेत पडल्यावर बोलू लागतो. त्याआधी बोलावयाचे ते शेजाऱ्यांनी.

मग करावे काय? संस्थेच्या पुढील सभेत कॅमेऱ्याच्या खर्चाबरोबर आणखी काही विषय ठेवावेत. रखवालदाराचे नाव, गाव आणि घरची माणसे प्रत्येक कुटुंबाला ठाऊक असावीत. त्याला बसावयास खुर्ची, पिण्यास पाणी आणि कायद्याने देय ते वेतन असावे. एकट्या राहणाऱ्या वृद्धांची यादी करून रोज एका घराने त्यांच्या दारावर थाप द्यावी. खातरजमा केल्यावाचून कोणाचेही छायाचित्र प्रसृत करू नये. शंका आल्यास पोलिसांना कळवावे आणि तेथेच थांबावे. पुराव्याशिवाय घरकाम करणाऱ्या बाईवर आळ घेणाऱ्याने सर्वांसमक्ष तिची क्षमा मागावी. आमच्या लहान ख्रिस्ती समूहांनी प्रार्थनेनंतरचा अर्धा तास याच कामाला द्यावा. आणि ज्या धर्मग्रामाच्या हद्दीत वीटभट्ट्या आहेत, त्याने तेथे उतरलेली कुटुंबे कोणत्या पाड्यांची आहेत, त्यांच्या मुलांची शाळा सुटली आहे काय, एवढी तरी चौकशी करावी. ज्याचे नाव आपणांस ठाऊक असते तो आपल्याला अनोळखी उरत नाही.

यरीहोच्या वाटेवर जखमी होऊन पडलेल्या माणसाचा दृष्टान्त आम्ही वेदीवरून वर्षानुवर्षे सांगत आलो आहोत. त्या जखमीला उचलणारा शोमरोनी हा त्या मुलखात परका आणि संशयित होता, हे सांगताना मात्र आमचा आवाज बारीक होतो. प्रभूने ज्याला शेजारी म्हणून पुढे केले, तो आज आमच्या फाटकाशी आला तर वहीत त्याचे नाव कोणत्या रकान्यात लिहिले जाईल?

बंधुभगिनींनो, दाराला कडी अवश्य घाला. परंतु दिवाळीनंतर साखरशेतकडचे एखादे कुटुंब डोक्यावर बोचके आणि कडेवर मूल घेऊन तुमच्या इमारतीसमोरून जाईल, तेव्हा एक लक्षात असू द्या. आपली झोपडी शेजाऱ्यांच्या भरवशावर सोडून ती माणसे तुमच्या गावात आली आहेत. येथे त्यांचा शेजारी कोण, याचे उत्तर तुम्ही द्यावयाचे आहे.