हृदयाचा गट आणि गावाची वेळ

हृदयासाठीचा आधारगट म्हणजे एकाच गावातल्या, वाडीतल्या किंवा इमारतीतल्या दहा-पंधरा माणसांनी ठरलेल्या वारी, ठरलेल्या जागी जमणे. कुणाला रक्तदाब असतो, कुणाची अँजिओप्लास्टी झालेली असते, कुणाचे वडील पन्नाशीत अचानक गेलेले असतात आणि तीच धास्ती मुलाच्या मनात असते. जमल्यावर रक्तदाब मोजायचा, गोळ्या चालू आहेत का ते एकमेकांना विचारायचे, खाण्यापिण्याबद्दल बोलायचे, थोडा वेळ शवासन किंवा संथ श्वसन करायचे आणि घरी जे बोलता येत नाही ते इथे बोलायचे, एवढेच त्याचे काम. हा गट दवाखान्याची जागा घेत नाही. डॉक्टरांच्या दोन भेटींमध्ये महिना-दीड महिना जातो आणि त्या काळात माणूस एकटा असतो. उच्च रक्तदाब दुखत नाही, त्यामुळे आकडा जरा उतरला की गोळी बंद होते. मधले हे दिवस निभावण्यासाठी गट हवा.

रुग्णांनी एकमेकांना सांभाळण्याची ही रीत शंभर वर्षांहून जुनी आहे. अमेरिकेत बॉस्टनमध्ये डॉ. जोसेफ प्रॅट यांनी १९०५ साली गरीब क्षयरोग्यांचा वर्ग सुरू केला. रुग्ण दर आठवड्याला जमत, वजन करून घेत आणि रोजच्या दिनक्रमाची वही दाखवत. त्याच शहरात १९५१ साली डॉ. ड्वाइट हार्कन यांच्या शस्त्रक्रियेतून बरे झालेल्या चार रुग्णांनी नव्या रुग्णांना धीर देण्यासाठी ‘मेंडेड हार्ट्‌स’ ही संघटना उभी केली. महाराष्ट्रात हा विचार रुजला तो मुख्यतः मनाच्या आजारांत आणि व्यसनमुक्तीत. पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली मुक्तांगण सुरू केले. ठाण्यात १९९० साली डॉ. आनंद नाडकर्णी यांची मानसिक आरोग्य संस्था सुरू झाली. दारू सुटल्यावर ती सुटलेलीच राहावी म्हणून माणसांनी पुन्हा पुन्हा भेटत राहावे लागते, हे मराठी समाजाला आता पटले आहे. रक्तदाबाच्या गोळीलाही तोच नियम लागू आहे, पण ते अजून पटलेले नाही.

अशा गटाकडून नेमकी काय अपेक्षा ठेवावी, हे प्रामाणिकपणे सांगितले गेले पाहिजे. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. के. के. दाते आणि सहकाऱ्यांनी शवासनाचा रक्तदाबावर होणारा परिणाम तपासला. ४७ रुग्णांचा तो अभ्यास १९६९ साली प्रसिद्ध झाला. शवासनाने अनेकांचा दाब उतरला आणि औषधाची मात्रा कमी करता आली. पुढे १९९० साली अमेरिकेत डॉ. डीन ऑर्निश यांनी कमी चरबीचा शाकाहार, व्यायाम, तंबाखूबंदी, योगासारखे तणावनियंत्रण आणि नियमित गटभेट यांची सांगड घातली आणि हृदयाच्या धमन्यांतले अडथळे काहीसे कमी झाल्याचे दाखवले. तो प्रयोग आजही दाखल्यासारखा सांगितला जातो, पण त्यातले रुग्ण पन्नासहून कमी होते आणि तितके कडक पथ्य फार थोड्यांना झेपते. भारतातल्या २४ रुग्णालयांत हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या ३,९५९ रुग्णांवर योगाधारित पुनर्वसनाचा मोठा अभ्यास झाला. २०२० साली आलेला त्याचा निष्कर्ष संयमाने वाचण्याजोगा आहे. योग करणाऱ्यांमध्ये मृत्यू किंवा पुन्हा झटका येण्याचे प्रमाण लक्षणीयरीत्या घटले नाही. मात्र त्यांना स्वतःची तब्येत अधिक चांगली वाटू लागली आणि ते पूर्वीच्या कामाकडे अधिक प्रमाणात परतले.

रायगड जिल्ह्यातल्या कर्जत आणि खालापूर या तालुक्यांसाठी सर्वांत उपयोगाचा अभ्यास मात्र त्याच २०२० सालचा दुसरा आहे. केरळ आणि आंध्र प्रदेशच्या ग्रामीण भागात आशा कार्यकर्त्यांनी रक्तदाबाच्या रुग्णांचे छोटे गट चालवले. तीन महिने दर पंधरवड्याला एक बैठक व्हायची. बैठकीत रक्तदाब मोजला जायचा आणि खाणे, औषध, तंबाखू यांवर बोलणे व्हायचे. गटात न आलेल्यांच्या तुलनेत या रुग्णांचा वरचा आकडा सरासरी सुमारे ५ अंकांनी अधिक उतरला. ५ अंक थोडे वाटतात, पण वरचा आकडा तेवढा उतरला तर हृदयविकार, पक्षाघात यांसारखे मोठे प्रसंग सुमारे दहा टक्क्यांनी घटतात, असे जगभरच्या चाचण्या एकत्र केल्यावर दिसले आहे. त्यासाठी ना मोठे यंत्र लागले, ना तज्ज्ञ डॉक्टर. आशाताई, मोजण्याचे साधन आणि एक ओसरी पुरली. हे दोन तालुके असे गट आजच सुरू करू शकतात, आणि ते सुरू व्हायला हवेत.

अडचण आहे ती वेळेची. शहरातला हृदयगट रविवारी सकाळी बागेत जमतो. कर्जत-खालापुरात तो तसा जमणार नाही, कारण इथल्या माणसांचे दिवस एकसारखे नाहीत. कर्जत, भिवपुरी, नेरळ, शेलू इथून मुंबईला जाणारा नोकरदार पहाटे अंधारात घर सोडतो. कर्जतहून मुंबई सीएसएमटी सुमारे १०० किलोमीटर. एका दिशेला दोन तासांच्या आसपास लागतात आणि गाडी चुकली तर त्याहून जास्त. खोपोलीच्या पोलाद कारखान्यांत आणि रसायनी-पाताळगंगा पट्ट्यात पाळ्यांचे काम आहे. रात्रपाळी वर्षानुवर्षे करणाऱ्यांना हृदयविकाराचा धोका थोडा वाढतो, झोप आणि जेवण दोन्ही विस्कटते. डोंगरालगतच्या कातकरी वाड्यांतली कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. ठाकरवाड्यांत लावणी-कापणीच्या दिवसांत कुणाला सवड नसते. एकच ठरावीक वेळ सगळ्यांवर लादली, तर गटात फक्त निवृत्त माणसे उरतील. त्यांनाही गट हवाच, पण पहिला झटका निवृत्तीची वाट पाहत नाही. ५२ देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना तो मध्यकाच्या हिशेबाने ५३व्या वर्षी आलेला दिसला, इतरांना ५९च्या सुमारास.

म्हणून गट तिथेच भरवावा जिथे माणसे आधीच जमतात. लोकलच्या ठरलेल्या डब्यात वर्षानुवर्षे एकत्र जाणाऱ्यांचे गट असतात, त्यांतले काही टाळ घेऊन भजनही करतात. कोण दोन दिवस आला नाही, हे त्या डब्यात घरच्यांइतकेच लवकर कळते. महिन्यातून एकदा स्थानकाजवळ अर्धा तास थांबून रक्तदाब मोजणे त्यांना जमण्यासारखे आहे. गावांत संध्याकाळचा हरिपाठ आहे. देवळात आलेला माणूस तासभर मांडी घालून शांत बसलेला असतो, मोजायला याहून चांगली वेळ नाही. बायकांसाठी बचत गटाची बैठक सर्वांत सोयीची. हिशेबाची वही आहेच, तिच्यात एक रकाना रक्तदाबाचा वाढवायचा. भट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांना निघण्याआधी दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या आणि नोंदीचे कार्ड हातात मिळाले पाहिजे. दिवाळीआधीची बैठक त्यासाठीच ठेवावी. ही तजवीज आरोग्य उपकेंद्राने केली नाही, तर बाकीच्या महिन्यांची मेहनत फुकट जाते.

मोजमापातली शिस्त गटाने पहिल्या दिवसापासून पाळावी. चालून आल्या आल्या मोजू नये. पाच मिनिटे पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून बसल्यावर, दंड हृदयाच्या पातळीवर ठेवून मोजावे. त्याआधी अर्धा तास चहा, विडी किंवा तंबाखू नको. पट्टा दंडाच्या मापाचा असावा. मोजताना बोलू नये, हे गप्पांच्या गटात सर्वांत अवघड जाते. दोनदा मोजून दोन्ही आकडे लिहावेत. वेगवेगळ्या दिवशी वरचा आकडा १४० किंवा त्यावर, अथवा खालचा ९० किंवा त्यावर येत राहिला तर त्या व्यक्तीला डॉक्टरांकडे पाठवावे. गोळी सुरू करणे, वाढवणे किंवा बंद करणे हा निर्णय गटाचा नाही. रक्तदाबाच्या साध्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळतात, आणि तीस वर्षांवरील प्रत्येकाची रक्तदाब-मधुमेह तपासणी हा सरकारी कार्यक्रमाचाच भाग आहे. गटाला चूर्ण, काढा किंवा पावडर विकणारा कुणी येऊ लागला, की त्याला दारातूनच परत पाठवावे. खोपोलीत माधवबागसारखे आयुर्वेदाधारित हृदयोपचार केंद्र आहे आणि लांबून माणसे तिथे येऊन राहतात. उपचार कुठलाही घेतला तरी चालू गोळी मनाने बंद न करणे आणि घरी आल्यावर नोंद चालू ठेवणे हे चुकत नाही.

खाण्याच्या बाबतीत बाहेरून आणलेला तक्ता इथे चालत नाही. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचवते. ते जेमतेम एक लहान सपाट चमचा भरते आणि त्यात भाजी, लोणचे, पापड, फरसाण सगळे आले. या पट्ट्यात पावसाळ्याच्या तोंडी सुक्या मासळीची बेगमी होते. नुसत्या उन्हात वाळवलेल्या सुकट-जवळ्यापेक्षा मीठ लावून खारवलेल्या मासळीत मीठ कितीतरी जास्त. ती भिजवून, पाणी फेकून, कालवणात वेगळे मीठ न घालता खावी, एवढे सांगितले तरी घर ऐकते. भाताला शत्रू ठरवण्याचे कारण नाही. कर्जत हे भाताचे गाव, इथल्या संशोधन केंद्रातून निघालेली वाणे ‘कर्जत’ याच नावाने कोकणभर लावली जातात. ताटातला भात मात्र कमी करावा आणि वालाची उसळ, वरण, पालेभाजी वाढवावी. वरकस जमिनीवरची नाचणी आणि वरी मागे पडली आहेत, ती परत ताटात आली तर चांगलेच. पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, भारंगी, कंटोली फुकट मिळतात. हिवाळ्यातली पोपटी तर आदर्शच म्हणावी. वालाच्या शेंगा भांबुर्ड्याच्या पाल्यासह मडक्यात भरून, पाणी न घालता, बाहेरच्या जाळावर शिजतात. मीठ हात आखडून टाकले की झाले. स्थानकावरचा वडापाव रोजचा नाश्ता होऊ नये, हे सांगणे अप्रिय आहे तरी सांगितले पाहिजे. चार वाजता उठणाऱ्याला घरून न्यायला काय सोपे, याचा विचार गटाने त्याच्यासोबत करावा. नुसती मनाई ऐकून कुणी बदलत नाही.

व्यायामाचेही तसेच. आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल हा सर्वमान्य निकष आहे. तो लोकलमध्ये आणि खुर्चीवर दिवस काढणाऱ्यासाठी आहे. डोक्यावर हंडा आणि मोळी घेऊन डोंगर चढणाऱ्या बाईला चालायला जा म्हणणे हा तिचा अपमान आहे. तिला विश्रांती हवी आणि मशेरी सुटायला हवी. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखूच. दात घासण्याच्या निमित्ताने ती दिवसातून अनेकदा लावली जाते आणि विचारल्यावर ‘तंबाखू खात नाही’ असे उत्तर खरेपणाने मिळते. आशाताईने नाव घेऊन विचारावे. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२पासून बंदी आहे, मशेरी मात्र घरातल्या तव्यावर होते. ती बंदीने सुटणार नाही, शेजारणींनी मिळून सोडली तरच सुटेल.

ताणाचा विषय सर्वांत नाजूक आहे. ‘इंटरहार्ट’ने हृदयविकाराची जी नऊ कारणे ठळक मानली, त्यांत मानसिक-सामाजिक ताणही आहे. बोरघाट चढला की लोणावळ्याला १९२४पासून कैवल्यधाम आहे. त्यामुळे शवासन, दीर्घ श्वसन शिकवणारी माणसे जवळ आहेत आणि दहा मिनिटांचे ते बसणे प्रत्येक बैठकीत असावे. पण सगळा ताण श्वासाने उतरणारा नसतो. कर्जाचा हप्ता, मुलाची बेकारी, घरातली दारू यांवर बोलायला जागा लागते, आणि इथले बोललेले बाहेर जाणार नाही ही खात्रीही. छोट्या गावात ही खात्री एकदा मोडली की गट मोडतो. १९ जुलै २०२३च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. त्या रात्री ज्यांनी घरची माणसे गमावली, आणि दर पावसाळ्यात डोंगराकडे बघत झोपणाऱ्या इतर वाड्यांतले लोक, यांना तणावमुक्तीचे धडे देणे पुरेसे नाही. त्यांना सुरक्षित घर हवे आणि दीर्घकाळ समुपदेशन हवे. झोप उडालेल्या, जगणे नको म्हणणाऱ्या माणसाला गटाने स्वतः हाताळू नये. १४४१६ या टेलि-मानस क्रमांकावर मराठीत बोलता येते, तो लावून द्यावा आणि सोबत बसावे.

शेवटी, झटका आला तर काय करायचे हे गटातल्या प्रत्येकाच्या घरी ठाऊक असले पाहिजे. छातीत दाब किंवा जळजळ, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, धाप, बायकांमध्ये आणि मधुमेहींमध्ये कधी नुसता थकवा आणि मळमळ. याला गॅस समजून सोडा-लिंबू पिण्यात जीव वाचवणारा वेळ जातो. १०८ला फोन करावा, रुग्णाला चालवू नये, आणि ईसीजी निघेल अशा जवळच्या ठिकाणी न्यावे. कर्जतचे उपजिल्हा रुग्णालय, कशेळे आणि चौकची ग्रामीण रुग्णालये ही पहिली ठिकाणे. अँजिओप्लास्टीसाठी बहुधा पनवेल-नवी मुंबई गाठावी लागते. महात्मा फुले जन आरोग्य योजना २०१२ साली वेगळ्या नावाने सुरू झाली तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत रायगड होता, आणि तिच्यात हा उपचार बसतो. रेशनकार्ड, आधार, जुना ईसीजी आणि चालू गोळ्यांची यादी एका पिशवीत, दाराजवळ टांगलेली असावी. वाडीत रात्री कुणाची गाडी निघू शकते, तिचा चालक कोण, रस्ता खचला तर कुठपर्यंत डोलीने न्यायचे आणि डोली कोण उचलणार, ही नावे गटाच्या वहीत पहिल्या पानावर, मे महिना संपायच्या आत लिहिलेली असावीत.