स्पेनला सायकलवर जायचंय? आधी सासवडला जाऊन या!

"डॉक्टर, एक फिटनेस सर्टिफिकेट हवं होतं. आमचा दहाजणांचा ग्रुप स्पेनला सायकल टूरला चाललाय. रोज ६०-७० किलोमीटर, जुनी गावं बघत बघत."

माझे हे पेशंट ५२ वर्षांचे. बँकेत अधिकारी. बीपीची एक गोळी चालू, साखर सीमारेषेवर, सिगारेट दहा वर्षांपूर्वी सुटलेली. दीड वर्षापासून दर रविवारी सायकल चालवणारे. मी बीपी पाहिलं, ठीक होतं. ईसीजी काढला, नॉर्मल आला. मी कौतुक केलं आणि सही केली.

तीन आठवड्यांनी त्यांच्या सौ. थायरॉईडचा रिपोर्ट दाखवायला आल्या. उठता उठता म्हणाल्या, "यांना हल्ली फार ॲसिडिटी होते हो. दिवे घाट चढताना छातीत भरून येतं, दोन मिनिटं थांबले की जातं."

मी त्याच दिवशी त्यांना बोलावून घेतलं आणि हृदयरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. ॲन्जिओग्राफीत एका मोठ्या रक्तवाहिनीत मोठा अडथळा निघाला. स्टेंट बसला. आज ते व्यवस्थित आहेत. पण खरं सांगायचं तर यात माझी चूक होती. ईसीजीचा कागद मी पाहिला, पण "चढावर छातीत काही होतं का?" हा साधा प्रश्न विचारला नाही. त्यांनीही सांगितलं नाही, कारण त्यांच्या लेखी ती ॲसिडिटी होती.

म्हणून हा लेख. सायकलपासून तुम्हाला दूर करण्यासाठी नाही. मी स्वतः सायकल चालवतो आणि पन्नाशीच्या पुणेकरासाठी यापेक्षा चांगलं औषध माझ्याकडे नाही असं मानतो. पण औषध म्हटलं की डोस आला, पथ्य आलं आणि दुष्परिणामही आले.

हे औषध इतकं चांगलं का?

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. जिममध्ये ही मिनिटं मोजून काढावी लागतात. सायकलवर पुण्याबाहेर पडलात की ती कधी संपली ते कळत नाही. सायकलवर शरीराचा बराचसा भार सीटवर असतो, त्यामुळे गुडघ्यांना धावण्याइतके धक्के बसत नाहीत. मांडीचे मोठे स्नायू काम करतात आणि रक्तातली साखर वापरतात. बीपी उतरायला मदत होते, झोप सुधारते.

आणि जायला ठिकाणं किती! हडपसर, फुरसुंगी, वडकी करत गेलात की दिवे घाटाच्या पायथ्याशी मस्तानी तलाव. घाट चढून सासवड. तिथे कऱ्हाकाठी संगमेश्वर, सोपानदेवांची समाधी, पुरंदऱ्यांचा वाडा. पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ १७२० साली सासवडलाच वारले. पुढे साधारण १७-१८ किलोमीटरवर जेजुरी. हंगामात वाटेवर पुरंदरची अंजिरं आणि सीताफळं. स्पेनमधली जुनी गावं सुंदर असतीलच, पण मध्यवस्तीतून ३० किलोमीटरच्या आसपास असलेलं हे वैभव आपल्यापैकी कितीजणांनी सायकलवरून उतरून पाहिलंय?

इथेच माझा मुद्दा आहे. आपण उतरतच नाही.

बिघडलं कुठे?

रविवारी सकाळी दिवे घाटात किंवा बोपदेव घाटात जाऊन बघा. प्रत्येकाची नजर मनगटावरच्या घड्याळावर. घाट किती मिनिटांत चढला, ॲपवर कितवा नंबर आला, ग्रुपवर कोणाचा फोटो आधी पडला. सासवडला पोचायचं, मिसळ खायची आणि परत. सोपानदेवांचं मंदिर राहिलं बाजूलाच.

काहीजण मला नाशिकच्या महाजन बंधूंचं उदाहरण देतात. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन यांनी २०१५ साली 'रेस ॲक्रॉस अमेरिका' ही सुमारे ४८०० किलोमीटरची शर्यत दोघांच्या संघाने नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली. मला त्यांचा मनापासून अभिमान वाटतो. पण त्यामागे मोठी तयारी होती आणि शर्यतीत सोबत मदतीचा चमू होता. आठवडाभर खुर्चीत बसून रविवारी एकदम घाटावर तुटून पडणं ही वेगळी गोष्ट आहे.

ज्या स्पेनचं आपल्याला आकर्षण, तिथली एक रीत बघा. सांतियागो दे कोम्पोस्तेला या तीर्थक्षेत्राला जाणाऱ्या सायकलस्वाराला यात्रा पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र हवं असेल, तर किमान २०० किलोमीटर सायकल चालवावी लागते आणि वाटेतल्या गावांमधून यात्रापुस्तिकेवर शिक्के घ्यावे लागतात. त्यासाठी थांबावंच लागतं. किती वेळात आलात हे कोणी विचारत नाही. आपल्याला हे नवं नाही. माउलींची पालखी दिवे घाट चढते आणि सासवडला मुक्काम करते. चाल आणि विसावा दोन्ही ठरलेले. वाटेत थांबणं हा आळस नव्हे. माझ्या मते पन्नाशीनंतर तो डोसचाच भाग आहे.

घाटात हृदयाचं काय होतं?

सपाटीवर आरामात सायकल चालवताना हृदयाला जेवढं काम पडतं, त्याहून बरंच जास्त चढावर पडतं. रक्तवाहिनी अरुंद झाली असेल तर सपाटीवर पुरणारं रक्त घाटात पुरत नाही. तिथे छाती जड होते. थांबलात की मागणी कमी होते आणि त्रास जातो. "थांबल्यावर गेलं, म्हणजे काही नव्हतं" असं आपण समजतो. उलट, चढावर येणं आणि थांबल्यावर जाणं हीच हृदयाच्या दुखण्याची खूण आहे.

आरामात झोपवून काढलेला ईसीजी अशा वेळी अगदी नॉर्मल येऊ शकतो. ट्रेडमिल टेस्ट अधिक माहिती देते, पण तीही शंभर टक्के खात्री नाही. म्हणून तुम्हाला जाणवलेलं लक्षण कोणत्याही कागदापेक्षा मोठं माना.

घाट चढण्यापूर्वी हे प्रश्न स्वतःला विचारा :

१. चढावर किंवा जिन्यावर छाती, जबडा, खांदा, डावा हात किंवा पाठीत दडपण येतं का?
२. पूर्वी सहज चढत होतो त्याच चढावर हल्ली जास्त धाप लागते का?
३. सायकल चालवताना कधी डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा छातीत अनियमित धडधड झाली का?
४. वडील किंवा भावाला ५५ वर्षांच्या आत, आई किंवा बहिणीला ६५ च्या आत हृदयविकार झाला होता का?
५. मधुमेह, बीपी, कोलेस्टेरॉल किंवा तंबाखू यांपैकी काय काय माझ्या खात्यावर आहे?

पहिल्या तिनांपैकी एकाचंही उत्तर 'हो' असेल, तर पुढच्या रविवारी घाट नको. आधी डॉक्टरांना भेटा. शेवटच्या दोनांचं उत्तर 'हो' असेल तर घाटाला सुरुवात करण्यापूर्वी तपासणी करून घ्या. मधुमेहींनी अधिक सावध राहावं, कारण त्यांना छातीत न दुखताही त्रास होऊ शकतो. नुसती धाप, घाम किंवा विलक्षण थकवा एवढंच दिसतं.

रस्त्यात छातीतलं दडपण थांबूनही काही मिनिटांत गेलं नाही, किंवा सोबत दरदरून घाम आला, तर सायकल बाजूला ठेवून १०८ ला फोन करा. "घरी जाऊन बघू" म्हणून परत पेडल मारू नका.

डोस कसा ठेवावा?

नव्याने सुरुवात करणाऱ्यांना मी असं सांगतो : पहिला महिना आठवड्यातून तीन-चार दिवस, सपाट रस्त्यावर अर्धा तास. दुसऱ्या महिन्यात रविवारी १५-२० किलोमीटर. मग दर आठवड्याला थोडं थोडं वाढवा. सपाटीवरचे ४० किलोमीटर दुसऱ्या दिवशी न दमवता जमायला लागले की मग घाट. बोपदेवचा चढ जास्त खडा आहे, म्हणून सुरुवात दिवे घाटाने करा.

वेग किती? सायकल चालवताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता येऊ नये. हा मध्यम व्यायाम. बीपीसाठी किंवा हृदयासाठी नाडीचा वेग कमी करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर घड्याळावरचा आकडा फसवा असतो. गोळी नाडी वाढू देत नाही, त्यामुळे बोलण्याची कसोटीच वापरा.

घाटमाथ्यावर पोचल्यावर लगेच उतरून उभे राहू नका. पाच मिनिटं सावकाश पेडल मारत राहा. एकदम थांबलं की रक्त पायांत साठतं आणि चक्कर येते, विशेषतः बीपीच्या गोळ्या घेणाऱ्यांना.

मधुमेहींनी इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर निघताना साखर तपासावी. १०० च्या खाली असेल तर आधी खावं. खिशात ग्लुकोजच्या गोळ्या किंवा साखर हवीच. लांबच्या राईडच्या दिवशी डोस बदलायचा का, हे आपल्या डॉक्टरांना आधी विचारा, स्वतः ठरवू नका.

पाणी तहानेप्रमाणे, थोडं थोडं. उन्हात तासन्‌तास नुसतं पाणी ढोसू नका. लिंबू, मीठ, साखर घातलेलं सरबत बरं. बीपीच्या पेशंटनी मिठाचं प्रमाण विचारून घ्यावं.

गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखत असेल तर बहुधा सीट खाली आहे. जांघेत बधिरपणा येत असेल तर सीटचा कोन तपासा आणि दर दहा-पंधरा मिनिटांनी पेडलवर क्षणभर उभे राहा. लाजून गप्प बसू नका, बधिरपणा टिकला तर दाखवा.

आणि रस्ता?

सगळा दोष पेशंटवर टाकणंही बरोबर नाही. स्पेनमध्ये सायकलला ओलांडताना गाडीने किमान दीड मीटर अंतर ठेवावं असा कायदा आहे. शहराबाहेरच्या रस्त्यांवर सायकलस्वाराला हेल्मेट सक्तीचं आहे. आपल्याकडे घाटात ट्रक कोपराला घासून जातो. एकेकाळी सायकलींचं शहर म्हणून मिरवणाऱ्या पुण्यात सायकल चालवणाऱ्याला रस्त्यावर हक्काची जागा मिळू नये, हा माझ्या दृष्टीने आरोग्याचाच प्रश्न आहे. तो सुटेपर्यंत हेल्मेट, मागे लाल दिवा, भडक रंगाचे कपडे, आणि उजाडल्यावरच घाट. उतारावर वेग वळणाच्या आधी कमी करा.

माझे ते पेशंट स्टेंटनंतर तज्ज्ञांच्या सल्ल्याने आधी चालायला लागले, मग सपाटीवर सायकल. गेल्या महिन्यात परवानगी घेऊन सासवडला गेले. सोबत सौ. गाडीतून मागे होत्या. वडकीला थांबले, मस्तानी तलाव पाहिला, घाटात तीनदा उतरले. ग्रुपमधले सगळे पुढे निघून गेले. संगमेश्वराच्या पायऱ्यांवर बसून त्यांनी मला फोन केला. म्हणाले, "डॉक्टर, दीड वर्ष इथून जातोय, पण हे देऊळ आज पहिल्यांदा पाहिलं."

स्पेनचं सर्टिफिकेट त्यांनी अजून मागितलेलं नाही. मागितलं तर यावेळी मी सही करण्यापूर्वी भरपूर प्रश्न विचारणार आहे. तुमच्या डॉक्टरांनी विचारले नाहीत, तर तुम्ही स्वतःहून सांगा.